लॅक्सटन: बिनकुंपणाच्या शेतांचं इंग्लिश गाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या जमिनीच्या इतिहासावर लिहायला लागल्यापासून लॅक्सटनबद्दल पत्रं येतच असतात. काही शेतकऱ्यांची, काही इतिहासाच्या विद्यार्थ्यांची, काही नॉटिंगहॅम-लेस्टरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींची. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात, तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे.

१. लॅक्सटन कुठे आहे? आणि एवढ्याशा गावाचं एवढं कौतुक कशासाठी?

इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅमशायर परगणा आहे. त्यात नेवार्क शहराच्या उत्तरेला, ओलर्टन आणि टक्सफर्ड या दोन लहान गावांच्या जवळ लॅक्सटन येतं. एक मुख्य रस्ता, एक चर्च, एक पब आणि रस्त्याला लागून विटांची जुनी घरं, एवढंच गाव.

कौतुक शेतांचं आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात ज्या पद्धतीने जमीन कसली जायची, ती पद्धत इथे आजही चालू आहे. तीन मोठी मोकळी शेतं, त्यांत प्रत्येकाचे विखुरलेले पट्टे, पिकाची ठरलेली फेरपालट, आणि कुणी हद्द ओलांडली तर दंड करणारी गावची स्वतःची अदालत. मोकळ्या शेतांचे अवशेष इतरत्रही आहेत (प्रश्न १४), पण शेतं आणि अदालत दोन्ही चालू असलेलं हे एकच गाव.

गावाचं रूपही आपल्या ओळखीचं वाटेल. शेतकऱ्यांची घरं आणि गोठे गावातच, रस्त्याच्या कडेला. शेतं गावाबाहेर चहूकडे. आपल्याला यात नवल नाही. पण इंग्लंडमध्ये कुंपणं पडल्यावर (प्रश्न ६) बरेच शेतकरी गाव सोडून आपापल्या एकसंध जमिनीवर राहायला गेले, त्यामुळे तिथे असं भरलेलं शेतकरी गाव आता क्वचित दिसतं.

२. मोकळी शेतं म्हणजे सामुदायिक शेती का? सगळे मिळून पिकवतात आणि वाटून घेतात?

नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. कसायला पट्टा ज्याचा त्याचा (जमिनीची मालकी कुणाची, ते प्रश्न १२ मध्ये), बियाणं ज्याचं त्याचं, पीकही ज्याचं त्याचं. सामाईक असतात ते नियम: कोणत्या शेतात कधी काय पेरायचं, जनावरं कधी सोडायची, चर कुणी साफ करायचे, वाट किती रुंद ठेवायची.

आणि मोकळं म्हणजे कुंपण नसलेलं. साऊथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड या तीन शेतांत मिळून सुमारे ५०० एकर जमीन आहे. आत शिरलात तर दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये ना झाडोरा दिसेल, ना तार. हद्द ठरते ती खुंटांनी, नांगराच्या शेवटच्या तासाने आणि शेजाऱ्याच्या नजरेने. आपल्याकडे निदान बांध तरी असतो.

३. एका शेतकऱ्याची जमीन एका जागी का नाही? मुद्दाम तुकडे का केले?

याची दोन-तीन कारणं इतिहासकार सांगतात आणि ती एकमेकांना पूरक आहेत.

पहिलं, माती. लॅक्सटनची जमीन बहुतेक तांबूस, चिवट चिकणमातीची. पण उतारावरची आणि सखल भागातली सारखी नाही. प्रत्येकाला प्रत्येक शेतात थोडी-थोडी मिळाली, की भारी जमीन एकाला आणि पाणथळ दुसऱ्याला असं होत नाही. ओल्या वर्षी खालचे पट्टे सडले तर वरचे तारून नेतात.

दुसरं, नांगर. जड चिकणमाती फोडायला मध्ययुगात बैलांचं मोठं औत लागायचं. ग्रंथांत आठ बैलांचं सांगतात. एका घराकडे एवढे बैल नसत, म्हणून इर्जिकीसारखी जोडणी व्हायची. औत एका बाजूने नांगरत निघालं की आजचा पट्टा याचा, उद्याचा त्याचा.

तिसरं कारण फेरपालटीचं आहे, आणि माझ्या मते व्यवहारात तेच सर्वांत जड आहे. दरवर्षी एक अख्खं शेत पड राहणार असेल, तर ज्याची सगळी जमीन त्याच शेतात आहे तो त्या वर्षी खाणार काय? तिन्ही शेतांत हिस्सा असणं त्याला भागच आहे.

४. फेरपालट नेमकी कशी चालते? आज शेतकऱ्याला मनाला येईल ते पीक घेता येतं का?

तीन वर्षांचं चक्र आहे. पहिल्या वर्षी शरदात गहू पेरायचा. तो थंडीभर जमिनीत राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात काढतात. दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायची पिकं, म्हणजे जव किंवा वाटाणा-घेवड्याच्या जातीचं काही. तिसऱ्या वर्षी पड. एक शेत गव्हाखाली, दुसरं वसंती पिकाखाली, तिसरं पड, असं हे चक्र फिरत राहतं.

मनाला येईल ते, असं नाही. शेत गव्हाचं असेल त्या वर्षी आपल्याच पट्ट्यात कुणी भलतं काही लावलं तर वेळापत्रक मोडतं. पूर्वी तर ते चालणंच शक्य नव्हतं, कारण कापणी झाली की धसकटांवर सगळ्यांची जनावरं सोडली जायची. तुमचं पीक मध्येच उभं असेल तर ते शेजाऱ्याच्या मेंढ्यांच्या पोटात जाणार.

पडीच्या वर्षाला मात्र सवलत आली आहे. पूर्वी ती जमीन खरंच उघडी ठेवून नांगरत राहायचे, म्हणजे तण मरायचं, आणि मेंढ्या बसवून खत मिळवायचे. आता तिथे बहुधा गवत किंवा चारा घेतात. ट्रॅक्टर, फवारणी, कापणी-मळणीची यंत्रं हे सगळं आहे. इथले शेतकरी जुना वेश घालून खेळ करत नाहीत. त्यांना बँकेचे हप्ते भरायचे असतात.

५. पट्टे लांब आणि चिंचोळे का असायचे?

नांगर वळवायचा त्रास कमी व्हावा म्हणून. मोठं औत टोकाला वळवायला जागा आणि वेळ दोन्ही जातात, त्यामुळे जितकं लांब सरळ जाता येईल तितकं बरं. त्या लांबीवरूनच फर्लांग हे माप रूढ झालं: ६६० फूट. एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद तुकडा म्हणजे एक एकर, साधारण एका दिवसाची नांगरट.

इथे आपला धागा जुळतो. १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये जमीन मोजायला ६६ फुटी साखळी आली. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी मोजणी केली तेव्हा त्याच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली आणि तिचे सोळा आणे पाडले. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे मांडले की बरोबर तोच इंग्लिश एकर होतो. तुमच्या सातबाऱ्यावरचं एकराचं माप लॅक्सटनसारख्या शेतांतल्या नांगराच्या तासातून आलं आहे, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

६. सगळ्या इंग्लंडमध्ये कुंपणं पडली. हे गाव कसं सुटलं?

आधी कुंपणं म्हणजे काय ते पाहू. विखुरलेले पट्टे आणि सामाईक चराऊ जमिनी एकत्र करून प्रत्येक मालकाला एका जागी तुकडा द्यायचा, आणि त्याने त्याला काटेरी झुडपांचं कुंपण घालायचं. सुरुवातीला हे आपसातल्या करारांनी व्हायचं, पुढे पार्लमेंटच्या कायद्यांनी. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांत गेली. इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त. मोठ्या जमीनदाराचा त्यात फायदा असे. लहान मालकाला वकील, मोजणी आणि कुंपण यांचाच खर्च झेपत नसे. आणि ज्याच्याकडे जमीनच नव्हती, फक्त सामाईक गवतावर एखादी गाय चारायची मुभा होती, त्याच्या हाती बहुधा काहीच लागलं नाही.

लॅक्सटनमध्येही काही भागाला कुंपण पडलंच (प्रश्न ७). पण पूर्ण गाव सुटलं, ते परंपरेवरच्या प्रेमाने नव्हे. तिथे एकच मालक नव्हता. मोठ्या जमीनदाराबरोबर छोटे स्वतंत्र मालकही बरेच होते, आणि त्यांचे पट्टे एकमेकांत पार गुंतलेले. अदलाबदल करायची तर प्रत्येकाला राजी करा, प्रत्येकाची किंमत लावा. हे भिजत घोंगडं इतकी वर्षं पडून राहिलं की कुंपणांची लाटच ओसरली. मग २० व्या शतकात ऑक्सफर्डच्या अभ्यासकांचं लक्ष गेलं आणि जे अडगळीत राहिलं होतं त्याला वारसा म्हणू लागले.

वाचकांना हे उत्तर आवडत नाही. शहाण्या गावकऱ्यांनी एकजुटीने जमीनदाराला रोखलं, अशी गोष्ट त्यांना हवी असते.

७. म्हणजे लॅक्सटनची सगळी जमीन मोकळी आहे?

नाही. गावाच्या हद्दीत कुंपणातली जमीन भरपूर आहे. घरामागचे वाडे आणि कुरणाचे काही तुकडे जुन्या काळापासूनच बंदिस्त होते. १८ व्या शतकात आणखी काही भागाला कुंपण पडलं. मूरहाऊस या शेजारच्या वस्तीची जमीन १९ व्या शतकात कुंपणात गेली. पूर्वी चौथं शेतही होतं, ईस्ट फील्ड. तेही आता मोकळं नाही. जुन्या वर्णनात चार शेतं आणि नव्यात तीन दिसली तर गोंधळू नका.

लॅक्सटनचा शेतकरी निव्वळ पट्ट्यांवर जगतो असंही नाही. त्याच्याकडे पट्ट्यांबरोबर कुंपणातली जमीनही असते. जनावरं तिथे राहतात.

८. १६३५ चा नकाशा एवढा प्रसिद्ध का आहे?

लंडनचा बडा व्यापारी सर विल्यम कोर्टेन याने हे गाव विकत घेतलं होतं. आपण नेमकं काय घेतलं हे त्याला कळावं म्हणून मार्क पीअर्स या मोजणीदाराने १६३५ मध्ये गावाची मोजणी करून मोठा रंगीत नकाशा तयार केला. त्यावर दोन हजारांच्या वर पट्टे एकेक करून काढले आहेत, आणि जोडीच्या खतावणीत कोणता पट्टा कुणाकडे हे लिहिलं आहे. घरं, चर्च, कुरणं सगळं आहे. शिवाय मोजणीदाराने हौसेने माणसंही रंगवली आहेत: कुणी औत हाकतंय, कुणी कापणी करतंय, कुणी शिकारीला निघालंय. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

त्याची किंमत अशी की आजचं शेत त्याच्याशी ताडून पाहता येतं. रस्ते, वाटा, गवताचे पट्टे यांतलं कितीतरी जागच्या जागी सापडतं.

९. गावची अदालत म्हणजे कोर्ट लीट. ती काय करते? खरंच बांध कोरल्याचा दंड होतो?

होतो. ही सगळी व्यवस्था टिकली ती याच्या जोरावर, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, ज्युरीचा दिवस असतो. बारा जणांची ज्युरी आणि तिचा एक मुखिया. सगळे गावातलेच, बहुतेक शेतकरी. ते त्या वर्षी गहू पेरलेल्या शेतावर जातात. पेरणी नुकतीच झालेली असते, कोंब वितभरही नसतात, त्यामुळे कुणाचा नांगर कुठपर्यंत गेला ते स्वच्छ दिसतं. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रेलरमधून फिरत, जागोजागी उतरून ही मंडळी पट्ट्यांच्या हद्दी बघतात, जिथे खूण हरवली तिथे लाकडी खुंट ठोकतात. कुणी वाटेत नांगर घातलाय का, सामाईक गवतात एखादं तास जास्त ओढलंय का, चर तुंबलाय का, वाटेवर काही टाकून ठेवलंय का, हे बघून नोंद होते. मग जेवण, आणि जेवणानंतर नोंदींवर खल.

प्रत्येक शेत गव्हाखाली तीन वर्षांतून एकदा येतं, म्हणून प्रत्येक शेताची तपासणीही तीन वर्षांतून एकदाच. मधल्या दोन वर्षांत कुणी हात मारला तर? मारू द्या. ज्युरी येणार हे त्याला माहीत असतं, आणि शेजाऱ्याला तर त्याहून चांगलं माहीत असतं.

आठवड्याभराने अदालत बसते. अध्यक्षस्थानी स्टुअर्ड, म्हणजे जमीनदाराने नेमलेला कायद्याचा जाणकार. हजेरी पुकारतात, न आलेल्यांच्या नावावर किरकोळ दंड लागतो. मग ज्युरी आपला अहवाल मांडते, दंड जाहीर होतात, ज्याला तक्रार आहे तो तिथेच बोलतो. शेवटी पुढच्या वर्षाची ज्युरी शपथ घेते.

ज्युरीतल्या माणसाचाच नांगर चुकला असेल तर काय, असं बरेच जण खवचटपणे विचारतात. त्याचेही पट्टे त्याच शेतात असतात आणि बाकीचे अकरा जण त्याच्या शेजारी उभे असतात. तो सुटत नाही.

१०. पण या अदालतीला कायद्याची मान्यता आहे, की नुसती हौस?

मान्यता आहे. मध्ययुगात इंग्लंडमध्ये अशा अदालती गावोगावी होत्या. काळाच्या ओघात त्यांचं काम सरकारी न्यायालयांकडे गेलं, आणि १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने उरलेल्यांचे न्यायनिवाड्याचे अधिकार काढून घेतले. त्यातल्या काही आजही समारंभापुरत्या बसतात. टोप्या, झगे, मिरवणूक वगैरे. लॅक्सटनला मात्र त्या कायद्यातून मुद्दाम वगळलं, कारण तिथे रोजच्या शेतीचं काम त्या अदालतीवर चालतं.

तिचा अधिकार मर्यादित आहे, हेही खरं. खून-मारामारी, वारसाहक्क, खरेदीखत यांत ती पडत नाही. मोकळी शेतं, वाटा, चर, गवत, एवढाच तिचा मुलूख. दंडाच्या रकमाही लहान असतात. पैशाने कुणाचं कंबरडं मोडत नाही, चारचौघांत नाव वाचलं जातं ते झोंबतं.

११. शेतांच्या मधे गवताचे पट्टे आहेत. ते कुणाचे? तिथे पीक का घेत नाहीत?

त्यांना तिथे साइक म्हणतात. नांगरायला फार उताराची किंवा फार ओली, अशी ही जागा पिढ्यान्‌पिढ्या न नांगरता राहिली. काही ठिकाणी पट्ट्यांकडे जायची वाटही त्यांच्यावरूनच असते. त्यांवरचं गवत सामाईक मानलं जातं आणि दरवर्षी उन्हाळ्यात त्याचा लिलाव होतो. घेणारा शेतकरी ते कापून वाळवून नेतो.

खत नाही, फवारणी नाही, नांगर नाही, त्यामुळे तिथे जुन्या कुरणांतली रानफुलं टिकली आहेत. निसर्गरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची जागा म्हणून त्यांना सरकारी संरक्षण आहे. तेव्हा साइकमध्ये नांगर घालणाऱ्यावर आता ज्युरीचाच डोळा असतो असं नाही.

१२. ही जमीन सध्या कुणाच्या मालकीची आहे? कुळं मालक का झाली नाहीत?

मालकीचा प्रवास मजेशीर आहे. कोर्टेननंतर १७ व्या शतकात गाव पिअरपाँट घराण्याकडे गेलं. हेच पुढे किंग्स्टनचे ड्यूक आणि मग अर्ल मॅनव्हर्स. त्यांची गढी जवळच थोर्सबीला. १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्सकडून ही जमीन ब्रिटनच्या कृषी मंत्रालयाने विकत घेतली, शेती जपली जावी म्हणून. त्यामुळे काही वर्षं चक्क ब्रिटनचा कृषिमंत्री या गावचा जहागीरदार होता. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या नावाने असलेल्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली. त्यांनी विकायची ठरवल्यावर गावात चिंता पसरली, पण २०२० मध्ये ती घेतली थोर्सबी इस्टेटनेच. फिरून जमीन त्याच घराण्याच्या वारशाकडे आली.

कुळांचं म्हणाल, तर आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने जे झालं, तसं इंग्लंडमध्ये कधी झालंच नाही. तिथल्या कायद्यांनी कुळाला जमिनीवर टिकून राहायचं संरक्षण दिलं, ठराविक काळातल्या कुळवहिवाटीत वारसाला पुढे चालू ठेवण्याची सोयही केली, पण मालकी जमीनदाराकडेच ठेवली. १९९५ नंतरच्या नव्या करारांत तर ते संरक्षणही पातळ झालं.

याची दुसरी बाजूही बघा. भावाभावांत वाटण्या होऊन पट्टे उभे चिरले गेले नाहीत. शेती एका घरातून पुढे गेली तर अख्खी गेली. मुंबई इलाख्यात १९४७ मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला, तो ज्या कारणासाठी, ते कारण लॅक्सटनमध्ये उद्भवलंच नाही. कुळाला हे भाग्य वाटत असेल की नाही, तो वेगळा प्रश्न.

१३. फोटोत तर साधंच सपाट शेत दिसतं. पट्टे कुठे आहेत?

ही तक्रार प्रत्यक्ष जाऊन आलेले लोकही करतात, आणि ती रास्त आहे.

एक तर अख्ख्या शेतात एकच पीक असतं. शेजारी-शेजारी दहा जणांचा गहू उभा असेल तर लांबून तो एकाच माणसाचा वाटतो. दुसरं, पट्टे आता पूर्वीसारखे अरुंद नाहीत. २० व्या शतकाच्या सुरुवातीला अर्ल मॅनव्हर्सच्या कारभाऱ्यांनी लगतचे पट्टे जोडून मोठे केले. पूर्वी जिथे अर्धा-पाऊण एकराचे तुकडे होते तिथे आता काही एकरांचे आहेत, नाहीतर यंत्र वळणारच नाही.

पट्टे बघायचे असतील तर पेरणीनंतर लगेच जा. कुणी आधी पेरलेलं असतं, कुणी मागाहून. हिरव्या-तपकिरी रंगांच्या फरकाने हद्दी उमटतात. आणि जुन्या अरुंद पट्ट्यांचा ठसा पाहायचा तर गवताच्या जमिनीत बघा. नांगर माती आतल्या बाजूला लोटायचा, त्यामुळे शतकांनंतर पट्ट्याच्या मधे उंचवटा आणि कडेला सरी तयार झाली. सूर्य कलल्यावर त्यांच्या सावल्या लाटांसारख्या पडतात.

१४. इंग्लंडमध्ये आणखी कुठे अशी शेतं उरली आहेत?

डेव्हनमध्ये ब्राँटनचं मोठं शेत आहे, लिंकनशायरमध्ये ॲक्सहोम बेटाच्या भागात एपवर्थ-हॅक्सीकडे पट्ट्यांची शेती दिसते, डॉर्सेटमधल्या पोर्टलंडला अवशेष आहेत. तिथे पट्टे उरले, पण फेरपालट सांभाळणारी अदालत नाही.

१५. गावात किल्ला होता म्हणतात. रॉबिन हूडशी काही संबंध?

किल्ला होता. गावाच्या उत्तरेला मातीचा उंच टेकाड आणि भोवती खंदक-तट, असा नॉर्मन काळातला किल्ला. बांधकाम गेलं, मातीकाम उत्तम टिकलं आहे. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालकीच्या नोंदीत, गाव जेफ्री आल्सलिन या नॉर्मन सरदाराकडे दिसतं. त्याच्या आधी ते टोकी नावाच्या माणसाकडे होतं. पुढे दे कॉ आणि मग एव्हरिंगहॅम घराणी इथे राहिली. राजाच्या शेरवुड जंगलाची रखवाली वंशपरंपरेने त्यांच्याकडे होती.

संबंध एवढाच. रॉबिन हूड हा शेरवुडच्या जंगलात राहणारा, दंतकथेतला लुटारू. त्याला पकडायची ज्यांची नोकरी असती, ते लॅक्सटनचे.

चर्चमध्ये या एव्हरिंगहॅमांच्या कोरीव मूर्ती आहेत. त्यांतली एका स्त्रीची, १४ व्या शतकातली, ओक लाकडाची आहे. दगडी मूर्ती इंग्लंडभर सापडतात, लाकडी फार थोड्या. गेलात तर ती चुकवू नका.

१६. कोंडवाडा होता का?

होता, आणि त्याची जागा अजून दाखवतात. कुंपण नसलेल्या शेतांत सुटलेलं जनावर म्हणजे गावभर भांडण, म्हणून पिंडर नावाचा माणूस असली जनावरं पकडून कोंडायचा आणि मालकाकडून पैसे घेऊन सोडायचा. पद्धत आपल्याकडच्यासारखीच, शिव्याही तशाच खात असणार.

१७. बघायला जायचं असेल तर कधी आणि कसं जावं? ज्युरीच्या दिवशी जाता येईल?

नेवार्कपर्यंत रेल्वेने जाता येतं, पुढे स्वतःची गाडी असलेली बरी. डव्हकोट इन या पबच्या आवारात माहिती देणारं छोटं प्रदर्शन आहे. तिथून सुरुवात केली की नकाशा डोक्यात बसतो. शेतांतून सार्वजनिक पायवाटा आहेत, तिकीट नाही. पायवाट सोडून पिकात शिरू नका, विशेषतः कोवळ्या गव्हात. लोक फोटोसाठी हमखास शिरतात. फुलांसाठी जायचं तर जूनमध्ये, साइकांवरचं गवत कापायच्या आत.

ज्युरीचा दिवस हे गावाचं काम आहे, जत्रा नाही. बाहेरच्याने आधी विचारल्याशिवाय ट्रेलरमागे लागू नये. थंडी, चिखल आणि बोचरा वारा यांची तयारी ठेवून, लांबून बघितलं तर कुणी हाकलत नाही.

जवळच, लॅक्सटनच्याच हद्दीत, १९९५ मध्ये सुरू झालेलं होलोकॉस्ट स्मारक आणि संग्रहालय आहे. शेतं बघायला आलेल्यांना ते अचानक समोर येतं. त्याला वेगळा अर्धा दिवस ठेवावा. दोन्ही एका फेरीत उरकू नयेत.

१८. अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनचं नाव या गावावरून आलं, हे खरं का?

गावाचं जुनं रूप लेक्सिंग्टन असं होतं, आणि लॉर्ड लेक्सिंग्टन ही पदवीही त्यावरूनच. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला नाव थेट गावावरून मिळालं की त्या लॉर्डवरून, यावर मतभेद आहेत. दोन्ही वाटा फिरून इथेच येतात.

१९. मला यावर प्रबंध लिहायचा आहे. कागदपत्रं कुठे मिळतील?

१६३५ च्या नकाशाचं प्रश्न ८ मध्ये सांगितलं आहे. जमीनदाराच्या बाजूची कागदपत्रं, म्हणजे खंडाचे हिशेब, करार, पत्रव्यवहार, मॅनव्हर्स संग्रह म्हणून नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागात आहेत. वेळ घेऊन जावं लागतं.

एक सूचना. हे बहुतेक कागद जमीनदाराच्या कारभाऱ्याने लिहिलेले आहेत. त्यात पट्टेवाले शेतकरी भरपूर भेटतात, पण मजूर, मोलकरणी, एका गायीवर घर चालवणारी विधवा, ही मंडळी दंडाच्या नोंदीपुरती डोकावतात. कुणाचं डुक्कर सुटलं, कुणी धसकटं चोरली, कुणी दुसऱ्याच्या चरात कचरा टाकला. विषय शोधत असाल तर तिथून सुरू करा.